आधी काढणीचा आठवडा पाहा, मग लेट्यूसचं बी घ्या

मातीविना शेतीचं पॉलिहाऊस पाहायला आमच्याकडे लोक येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पंप किती हॉर्सपॉवरचा, रोपं बसवायचे चॅनेल कुठून आणले, टाकी केवढी, वीजबिल किती येतं, सबसिडी मिळते का. बियाण्याचा विषय निघतो तो अगदी शेवटी, गाडीचं दार उघडलेलं असताना. ‘ताई, बी कुठलं वापरता?’ एवढंच. खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, आणि तो ‘कधीसाठी कुठलं’ असा विचारायला हवा. लेट्यूस हे थंडीचं पीक आणि आपण ते पुणे जिल्ह्यातल्या खेड-मंचरच्या उन्हात, प्लॅस्टिकच्या कागदाखाली घ्यायला निघालोय. पंप बदलता येतो, खतं बदलता येतात, कागदावर शेडनेट ओढता येतं. पण चॅनेलमध्ये उभं असलेलं रोप मुळात उन्हाला कच्च्या जातीचं असेल, तर मार्चअखेर त्याला वाचवणं कुणाच्याच हातात राहत नाही.

हे मी आमच्या पहिल्या उन्हाळ्यावरून सांगते. ज्या कंपनीनं शेड उभं करून दिलं, तिच्याच पॅकेजात पहिल्या वर्षाचं बी होतं. पांढऱ्या साध्या पाकिटांत भरलेलं. एकावर लिहिलेलं ‘लेट्यूस ग्रीन’, दुसऱ्यावर ‘लेट्यूस रेड’, आणि तोंडी हमी अशी की हे इंपोर्टेड आहे, बारा महिने चालतं. डिसेंबर-जानेवारीत ते खरोखर सुंदर आलं. पानं भरदार, रंग ताजा, हॉटेलवाले खूश. त्याच बियाची रोपं आम्ही फेब्रुवारीत भरली आणि मार्च संपता संपता चित्र पालटलं. आमच्याकडे रोपांचं काम बघणाऱ्या मावशी एके सकाळी चॅनेलशी थबकल्या आणि म्हणाल्या, “ताई, ह्याला तर डेंगळं यायला लागलंय.” उभा जन्म त्यांनी कांद्यात काढलेला, आणि कांदा फुलावर गेला की निघणाऱ्या दांड्याला डेंगळं म्हणतात. गड्डा वरून अजून गोल दिसत होता, पण मधली पानं टोकदार होऊन वर सरकली होती. आठवड्याभरात सगळी ओळ बोटभर उंच झाली. पुण्याच्या हॉटेलांनी क्रेट परत पाठवले: भाजी कडू आहे.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला ईसी, म्हणजे पाण्यातल्या खताचा जोर, जास्त झाला असेल, कमी करा. केला. मग म्हणाला कॅल्शियम कमी पडतंय, कॅल्शियम नायट्रेट वाढवा. वाढवलं. त्यानंतर फवारणीची एक बाटली सुचवली. यात दिवस गेले आणि माल गेला. शेवटी कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर ओळखीतून आले. त्यांनी टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. एक गड्डा उपटला, मुळं चॅनेलच्या कडेला ठेवली आणि चाकूनं बुडापासून शेंड्यापर्यंत उभा चिरला. आत अंगठ्याएवढा जाड पांढरट दांडा, सरळ वर गेलेला, आणि चिरेतून दुधासारखा चीक ओघळत होता. तो चीक त्यांनी माझ्या बोटाला लावला आणि चाखायला सांगितला. जिभेवर कारल्याच्याही वरचा कडवटपणा बराच वेळ राहिला.

“बियाचं पाकीट दाखवा,” ते म्हणाले.

“सर, त्यावर जातीचं नाव नाहीये.”

“मग औषध कशावर करताय तुम्ही?”

त्या एका वाक्यानं आमचं काम बदललं. पुढे जे शिकले, ते इथे मांडते आहे, कारण हे पॅकेज आजही विकलं जातं आणि बारा महिने चालणाऱ्या बियाची हमी आजही दिली जाते.

लेट्यूसचं झाड जन्मतःच फुलावर जायच्या तयारीत असतं. दिवस लांबले आणि उष्णता वाढली की त्याला इशारा मिळतो, खोड लांबायला लागतं, आणि चिकातली कडू द्रव्यं वाढतात. हा इशारा किती लवकर ऐकायचा हे जातीच्या रक्तात असतं. काही जाती चार गरम दिवसांत दांडा काढतात, काही तीन आठवडे तग धरतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं काचघरातल्या लेट्यूससाठी एक पुस्तिका काढली आहे. तिच्यात दिवसा २४ आणि रात्री १९ अंश सेल्सिअस धरून, सुमारे ३५ दिवसांत दीडशे ग्रॅमच्या आसपासचा बटरहेडचा गड्डा मिळवण्याचं गणित आहे. आपल्याकडे त्यातलं खत, पीएच, ईसी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतात. ते २४ आणि १९ मात्र कुणी उतरवून घेत नाही. साध्या, वाऱ्यावर चालणाऱ्या पॉलिहाऊसमध्ये एप्रिलच्या दुपारी आतलं तापमान बाहेरच्याहून कमी नसतंच. बाहेर ३८ असेल तर आत चाळिशी गाठलेली असते. कॅटलॉगमध्ये छापलेले ‘इतक्या दिवसांत तयार’ हे आकडे साधारण अशाच गार हवेतले आहेत, आपल्या चाळिशीतले नव्हेत.

म्हणून पहिला नियम, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा: पेरणीच्या दिवसाची हवा पाहून जात ठरवू नका, काढणीच्या आठवड्याची हवा पाहून ठरवा. बी टाकल्यापासून रोपवाटिकेत दोन-तीन आठवडे, मग चॅनेलमध्ये चार-पाच आठवडे. जानेवारीच्या शेवटी स्वेटर घालून आपण ट्रे भरतो तेव्हा उन्हाळ्याची आठवणही नसते. पण तो ट्रे मार्चअखेर निघणार असतो. त्यामुळे आमच्या भागात उन्हाळी जात जानेवारीच्या शेवटच्या पेरणीपासूनच सुरू व्हायला हवी. तसंच पावसाळ्याचं. ऑगस्टअखेर गार, ढगाळ हवेत पेरलेलं लेट्यूस ऑक्टोबरच्या उन्हात तयार होतं, आणि ऑक्टोबरची उन्हं नाजूक जातीला एप्रिलइतकीच छळतात. खरा मोकळेपणा आहे तो सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतच्या पेरण्यांना. त्या काळात जे आवडेल ते लावा, बहुतेक सगळं येतं. आणि म्हणूनच हिवाळ्यातल्या यशावरून कुठल्याही जातीला पास करू नका.

आता जातींकडे. दुकानात ‘लेट्यूस’ मागू नका, प्रकार मागा, आणि प्रकारातलं जातीचं नाव मागा.

उन्हाळ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: बटाविया. हा प्रकार आपल्याकडे अजून कमी माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. पान कडेला कुरळं, मधे आइसबर्गसारखं कुरकुरीत, गड्डा मोकळा. मोकळ्या गड्ड्यात वारा शिरतो, त्यामुळे आतली पानं सडत-करपत नाहीत. दांडा उशिरा निघतो आणि चव गरमीतही गोडसर राहते. हिरव्यात नेवाडा आणि म्यूर, लालसरमध्ये चेरोकी ही नावं जगभर हायड्रोपोनिक्सवाले वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. त्यातही म्यूर गरमीला जास्त धट्टी म्हणून ओळखली जाते. आम्ही बटाविया लावायला लागल्यापासून मार्च-एप्रिलचा माल परत येणं थांबलं. मात्र ती पसरते. बटरहेड २० सेंटिमीटरवर बसतो म्हणून तिलाही तिथेच बसवलं, तर पानं एकमेकांवर चढून खालची पिवळी पडतात. चॅनेलची भोकं ठरलेली असली तर एक भोक सोडून लावा. कमी झाडं बसतात हे खरं, पण प्रत्येक झाड विकलं जातं.

रोमेनला मागणी कायम असते, कारण सीझर सॅलड तिच्याशिवाय होत नाही. उभी वाढते म्हणून जागाही कमी खाते. इस्रायलच्या वाळवंटी हवेसाठी काढलेली जेरिको ही रोमेन गरमीत टिकण्यासाठी प्रसिद्ध आहे. पॅरिस आयलंड ही जुनी अमेरिकी जात बाजारात स्वस्त आणि सहज मिळते, पण ती खुल्या शेतातली. पॉलिहाऊसच्या बंद हवेत तिच्या आतल्या पानांची टोकं करपतात. हिवाळ्यात चालेल, पावसाळ्यात जपून.

बटरहेड दिसायला सगळ्यात देखणा. मुळासकट विकला तर ग्राहकाच्या फ्रिजमध्ये टिकतोही चांगला. हायड्रोपोनिक्समध्ये रेक्स ही जात फार चालते आणि तिचं नाव योग्यच झालंय. पण बटरहेड हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पाहुणा आहे. पान लोण्यासारखं मऊ, म्हणजे प्रवासातही नाजूक. मुंबईला टेम्पोनं पाठवायचा असेल तर क्रेटमध्ये एकच थर, दुसरा थर टाकला की खालच्याला बोटांचे ठसे उमटावेत तसे डाग पडतात.

लाल जातींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे दोष बियाचा नसताना बियाला शिव्या बसतात. लोलो रोसो किंवा लाल ओकलीफचा रंग अँथोसायनिनचा. तो रंग भरायला भरपूर प्रकाश, त्यातही अतिनील आणि निळा प्रकाश, आणि गार रात्री लागतात. आपल्याकडे गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडू नयेत, पांढरी माशी कमी यावी म्हणून अतिनील किरण अडवणारे कागद बऱ्याच पॉलिहाऊसवर टाकलेले असतात. त्याखाली, वर शेडनेट ओढून, २२-२३ अंशांच्या रात्री लोलो रोसो लावली की ती लाल होत नाही. तपकिरी-हिरवी, मळकट दिसते. शेफ म्हणतो पानं शिळी आहेत. तुमचा कागद कोणता आहे हे आधी बिलावर पाहा. अतिनील अडवणारा असेल तर लाल जाती फक्त थंडीत लावा आणि त्याही गडद लाल निवडा, म्हणजे थोडा रंग उतरला तरी उरतो.

आणि आइसबर्ग. बर्गरवाल्यांची मागणी पाहून प्रत्येकाला तो लावावासा वाटतो. चॅनेलमध्ये लावू नका, असं मी सरळ सांगते. त्याला घट्ट गड्डा धरायला इतर प्रकारांपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात, तेवढा काळ चॅनेल अडकतं. घट्ट गड्ड्याच्या पोटात हवा जात नाही, तिथलं करपणं कापल्याशिवाय दिसत नाही. आणि एवढं करून तुमची स्पर्धा निलगिरीतल्या आणि आपल्याच जिल्ह्यातल्या खुल्या शेतातल्या मालाशी, जो तुमच्यापेक्षा फार कमी खर्चात पिकतो आणि वजनावर विकला जातो. १९४१ पासून नावाजलेली ग्रेट लेक्स ही जात आजही शेतकऱ्याला पैसे देते, पण ती मातीतच.

पानांची टोकं करपण्याचा उल्लेख दोनदा आला, तो आता पुरा करते. याला सगळे टिपबर्न म्हणतात आणि सगळे कॅल्शियम ओततात. झाडात कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी तिकडे जातं जिथून पान ते हवेत सोडतं. बाहेरची मोठी पानं भरपूर बाष्प सोडतात, आतल्या मिटलेल्या कोवळ्या पानाला कोंदट हवेत ते जमत नाही. टाकीत कॅल्शियम पुरेसं असतं, कोवळ्या पानापर्यंत पोहोचत नाही. जुलैमध्ये चार दिवस झाकोळ, हवेत ओल भरलेली, आणि पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं की झाड एकदम वाढायला जातं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या पानांना तपकिरी किनार दिसते. उपाय दोनच: वरून खाली हलका वारा देणारे पंखे, आणि मोकळ्या गड्ड्याची, टिपबर्नला सोसणारी जात. बियाच्या कॅटलॉगमध्ये हा गुण वेगळा लिहिलेला असतो. उन्हाळ्यात ‘दांडा उशिरा’ हा शब्द शोधायचा, पावसाळ्यात ‘टिपबर्न सहनशील’ हा. दोन्ही एका जातीत पूर्णपणे मिळतीलच असं नाही, म्हणून आमच्याकडे ऋतूप्रमाणे पाकीट बदलतं.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो, डाऊनी, म्हणजे केवडा रोग. द्राक्षवाल्यांना हे नाव वेगळं सांगायला नको, मात्र लेट्यूसचा डाऊनी वेगळ्या बुरशीचा, ब्रेमियाचा. चांगल्या पाकिटावर ‘एचआर’ किंवा ‘आयआर’ आणि पुढे ‘बीएल:१६-३६ईयू’ अशा धर्तीची अक्षरं असतात. एचआर म्हणजे भक्कम प्रतिकार, आयआर म्हणजे मध्यम. बीएलपुढचे आकडे म्हणजे ब्रेमियाच्या ज्या वंशांना ही जात दाद देत नाही ते वंश. हे वंश युरोपात नोंदलेले आहेत, आणि बुरशी सतत नवे वंश तयार करत असते. तेव्हा आकडे पाहून फवारणी आणि हवा खेळती ठेवणं सोडू नका. तरी ज्या पाकिटावर हे काहीच नाही, त्यापेक्षा हे असलेलं पाकीट पावसाळ्यासाठी नक्कीच बरं. ‘एनआर:०’ दिसलं तर तो नासोनोव्हिया या एका विशिष्ट माव्याला प्रतिकार आहे. दुकानदार ‘यावर मावा येत नाही’ म्हणून विकेल, तर ते खरं नाही. ‘एलएमव्ही’ म्हणजे लेट्यूसच्या मोझॅक विषाणूला प्रतिकार. हा विषाणू बियातूनही येतो, म्हणून ही अक्षरं महत्त्वाची.

पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख नसेल तर बी घेऊ नका. मोठं पाकीट फोडून सुट्टं विकण्याची पद्धत आहे, आणि त्यातच जातीचं नाव हरवतं. गोळी केलेलं, म्हणजे पेलेटेड बी घेतलंत तर ते महाग असलं तरी एका भोकात एक रोप येतं आणि मावशींचा विरळणीचा वेळ वाचतो. पण गोळीतल्या बियाला बहुधा आधीच उगवणीच्या उंबऱ्यावर आणून थांबवलेलं असतं, त्यामुळे ते साध्या बियाइतकं टिकत नाही. एका हंगामापुरतंच घ्या. उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, फ्रिजमध्ये ठेवा. सिमेंटच्या पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेलं पाकीट एका मे महिन्यात निकामी होतं.

उन्हाळ्यात बी उगवत नाही ही तक्रारही बहुतेक वेळा जातीच्या आणि तापमानाच्या खात्यात जाते. लेट्यूसचं बी १८ ते २१ अंशांत छान उगवतं आणि तिशीच्या पुढे झोपी जातं. पाणी पितं, फुगतं आणि तसंच पडून राहतं. गरमीत उगवण्याची ताकद जातीजातीत वेगळी असते, बटाविया यातही थोडी उजवी. आमच्या मावशींनी यावर काढलेला तोडगा मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. संध्याकाळी ट्रे भरायचे, गार पाण्याची फवारणी करायची आणि ते जुन्या घराच्या माजघरात शहाबादी फरशीवर ठेवायचे. दगडी भिंतीमुळे तिथे एप्रिलमध्येही गारवा असतो. पांढरी मुळी दिसली रे दिसली की लगेच उजेडात. एक दिवस जरी उशीर झाला तरी रोप लांबट, दोऱ्यासारखं होतं आणि मग चॅनेलमध्ये कोलमडतं. म्हणून मुळी फुटली का हे मावशी पहाटे अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर, ट्रे डोळ्यांजवळ धरून पाहतात.

पाण्याचा विचार जातीच्या विचारापासून वेगळा करता येत नाही. पातळ पाण्याच्या पट्ट्यावर पीक घेण्याची एनएफटी पद्धत इंग्लंडमधल्या लिटलहॅम्प्टनच्या काचघर-पीक संशोधन संस्थेत ॲलन कूपर यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. थंड देशात जन्मलेली ही पद्धत; तिथे पाणी गरम करायची चिंता असते. आपल्याकडे दुपारी पांढऱ्या चॅनेलमधल्या त्या पातळ पट्ट्यालाही चटका लागतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम मुळांना जास्त प्राणवायू हवा असतो. २५ च्या पुढे पाणी गेलं की पिथियमसारख्या बुरशीला संधी मिळते, मुळं तपकिरी होऊन बोटाला सुटून येतात. सिंगापूरमध्ये ली सिंग कोंग आणि जिए हे या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की हवा गरमच ठेवून फक्त मुळांना २० अंशांच्या आसपास गार ठेवलं, तर थंड देशातलं लेट्यूस विषुववृत्ताजवळही येतं. चिलर घेणं परवडत असेल तर जातींची तुमची निवड मोठी होते, बटरहेडही मार्चमध्ये ओढता येतो. परवडत नसेल तर टाकी जमिनीत पुरा, पाइपला वेष्टण करा, चॅनेल लांबलचक ठेवू नका, उन्हाळ्यात ईसी १.२ च्या आसपास आणा, आणि जात मात्र धट्टीच घ्या. गार पाणी नसताना नाजूक जात लावण्यात कुठलंच धाडस नाही, नुकसानच आहे.

नवी जात घ्यायची तर आधी चाचणी, हे सगळेच सांगतात. चाचणी कुठे लावायची हे कुणी सांगत नाही. आपण स्वाभाविकच ती दाराजवळ, डोळ्यांसमोर लावतो. तिथे वारा बरा असतो, पाणी ताजं असतं, आणि जात उगाच चांगली दिसते. पॅड-फॅनचं, म्हणजे ओल्या पॅडमधून पंख्यानं हवा ओढणारं, शेड असेल तर पंख्याकडचं टोक सगळ्यात गरम. चॅनेलमध्ये पाण्याचं शेवटचं टोक सगळ्यात गरम आणि प्राणवायूनं गरीब. चाचणीची झाडं तिथे लावा. नवी आणि जुनी जात एकाच दिवशी पेरलेली, एकाच चॅनेलमध्ये आलटून पालटून. एका जातीला एक चॅनेल दिलं तर फरक जातीचा की चॅनेलचा हे कळत नाही. काढणीला वजन घ्या, मग प्रत्येक जातीचे चार-पाच गड्डे उभे चिरून आतल्या दांड्याची लांबी पट्टीनं मोजा. तीन बोटांच्या वर दांडा गेला की ती जात त्या महिन्यासाठी बाद, गड्डा बाहेरून कितीही भरलेला असो. मग मधलं पान तोडून कच्चंच चावा. हे दुपारी करा, सकाळच्या गारव्यात नको. आणि तारखेसह वहीत लिहा, जातीच्या नावाशेजारी लॉट नंबरसुद्धा, कारण पुढच्या वर्षी त्याच नावाचं पाकीट वेगळं वागलं तर निदान विक्रेत्याशी बोलायला हातात काही असतं.

घेणाऱ्याशीही आधी बोला. मिश्र पानांचं सॅलड भरणाऱ्याला गड्डा नको असतो, सुटी एकसारखी पानं हवी असतात. त्याच्यासाठी बुडाशी एकच काप दिला की सगळी लहान पानं सुटी होतात अशा जाती मिळतात, ऱ्हाइक झ्वान या डच कंपनीचा सलानोव्हा हा त्यातला नावाजलेला गट. बी महाग, पण पानं निवडण्याची मजुरी वाचते. बर्गरवाल्याला आइसबर्गऐवजी बटावियाची पानं पावावर ठेवून खायला द्या. आमचे दोन ग्राहक असेच वळले, कारण पान गरम टिक्कीखाली मऊ पडत नाही. गोव्याला माल जात असेल तर लक्षात घ्या की तिथले किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यात बंद असतात आणि त्यांची मागणी जोरात असते ती डिसेंबरमध्ये, जेव्हा प्रत्येकाकडे लेट्यूस असतं. भाव मिळतो तो एप्रिलमध्ये, आणि एप्रिलमध्ये पुरवठा करू शकणारा माणूस जातीवरच ठरतो.

मे महिन्यासाठी मात्र मी कुठल्याच लेट्यूसची शिफारस करत नाही. चिलर नसलेल्या शेडमध्ये एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर निघणारी पेरणी आम्ही करतच नाही. तेव्हा चॅनेल धुऊन त्यात बेझिल लावतो. तिला २५ ते ३० अंश मानवतात, रात्रीचा उकाडा चालतो, खुडलं की पुन्हा फुटते, आणि घेणारे तेच शेफ असतात. फक्त त्यांना एक गोष्ट बजावून सांगावी लागते: बेझिलची जुडी लेट्यूसच्या क्रेटबरोबर ४ अंशांच्या फ्रिजमध्ये टाकू नका. १० अंशांच्या खाली तिची पानं काळी पडतात. स्वयंपाकघरातच सावलीत, देठं पाण्यात बुडवून ठेवली की तीन-चार दिवस सहज राहते.